बुढ्याचं नाक

घोरणाऱ्या कुत्र्याचं लोकांना फार कौतुक असतं. आमच्या घरी पाहुणे आले की चहाच्या आधी त्याची चौकशी व्हायची, आणि तो झोपलेला असला तर सगळे भोवती जमून ऐकत बसायचे. माझे एक मामा तर त्याचं घोरणं मोबाइलवर रेकॉर्ड करून घेऊन गेले आणि नागपूरला एका लग्नात भेटेल त्याला ऐकवत फिरले. माणसाला दम लागला की आपण खुर्ची पुढे करतो, पाणी आणतो. कुत्र्याला दम लागला की आपण हसतो. मी हे आज तावातावानं लिहिते आहे खरी, पण चार वर्षं मीसुद्धा हसतच होते. ते आधीच सांगून टाकलेलं बरं.

तो पग होता. रायपूर छत्तीसगडची राजधानी होऊन काही वर्षं झाली होती आणि गावाला सगळं नवं हवं होतं. नवा मॉल, नवी गाडी, घराला नवं फाटक आणि फाटकाच्या आत टीव्हीवरच्या जाहिरातीत दिसतो तसला चपट्या तोंडाचा कुत्रा. मी तेव्हा सरकारी नोकरीत पक्की झाले होते, पहिली हौस करायची होती, ती ही केली. एका अपार्टमेंटच्या तिसऱ्या मजल्यावर एक माणूस पिल्लं विकायचा. खोक्यात तीन होती. त्यातलं एक धडपडं, खोक्याबाहेर उडी मारू पाहणारं, पण त्याचं नाक जरासं पुढे आलेलं. विकणाऱ्यानं त्याला हातानं बाजूला सारलं. म्हणाला, हे राहू द्या मॅडम, याचं तोंड निघालंय. मग त्यानं सगळ्यात चपटं पिल्लू माझ्या तळहातावर ठेवलं. त्याला नाक असं नव्हतंच, दोन डोळ्यांच्या मधे काळं बटण चिकटवल्यासारखं. मला तेच आवडलं. मी तेच घेतलं.

बाबा रेल्वेतून नुकतेच निवृत्त झालेले. दारातच त्यांनी पिल्लाला उचलून उजेडात धरलं, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं आणि मला विचारलं, "काय वो, याचं नाक कुठी हाय?"

मी हसले. आई हसली. कपाळावरच्या सुरकुत्यांमुळे बाबांनी त्याला बुढा म्हणायला सुरुवात केली आणि मी ठरवलेलं इंग्रजी नाव एका आठवड्यात सगळे विसरले.

कुत्रा माझा, पण राहायचा बाबांपाशी. मंत्रालय नव्या रायपुरात हललं तेव्हापासून मी सकाळी साडेआठला स्टाफच्या बसमध्ये बसायची, ती संध्याकाळी सातला घरी. तिकडे सहा गाड्या शेजारी शेजारी जातील एवढे रस्ते आणि त्यांवर माणूस नाही. इकडे आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, दोन स्कूटरी समोरासमोर आल्या की भांडण. दिवसभर घरी बाबा, आई आणि बुढा. बाबांची पोळी तो खायचा, बाबांचा दूधभात तो खायचा, दुपारी बाबांच्या पलंगाखाली झोपायचा. झोपताना बाबांची एक चप्पल ओढून आणायचा आणि तिच्या टाचेवर हनुवटी टेकवायचा. चप्पल काढून घेतली की उठून बसायचा. आई हे साऱ्या कॉलनीला सांगत असे. बाबा मात्र दुपारी चप्पल स्वतःच पलंगाखाली सरकवून ठेवत.

चार पावलं चालला की तो घुरघुरायचा. खाल्लं की कधी कधी पांढरा फेस ओकायचा. आमच्या पाऱ्यात गाई-म्हशींचे एक वयस्क डॉक्टर होते, त्यांना मी दोनदा दाखवलं. दोन्ही वेळा त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि सांगितलं, नस्लच, म्हणजे जातच, अशी असते. बस, झालं समाधान. नस्लच अशी असते म्हटल्यावर पुढे विचारायचं काय? आम्ही घरी येऊन त्याला आणखी एक पोळी तुपात भिजवून चारली.

चौथ्या उन्हाळ्यात, एप्रिलच्या सुरुवातीला, रविवारी सकाळी नऊच्या सुमारास बाबा त्याला घेऊन कोपऱ्यावर भाजी आणायला गेले. ऊन अजून तापलंही नव्हतं. येताना बुढा आमच्या फाटकापाशी बसला, मग आडवा झाला. मी बाहेर आले तर त्याची जीभ जांभळट निळी पडलेली, डोळे वर गेलेले आणि छाती भात्यासारखी हलत होती, पण आत हवा काही जात नव्हती. कोणीतरी म्हणालं पाणी पाजा, कोणीतरी म्हणालं तोंडात साखर घाला. मी त्याला उचलून गाडीत टाकलं.

कुत्र्या-मांजरांचा म्हणून जो एक चांगला दवाखाना मला ठाऊक होता, तो नेमका भनपुरीच्या कारखान्यांकडे. रविवार असो की दिवाळी, भनपुरीचे ट्रक काही सुट्टी घेत नाहीत. पुढे ट्रक, मागे ट्रक, आणि मागच्या सीटवर बाबा बुढ्याला मांडीवर घेऊन बसलेले. गाडीच्या काचा बंद. एसी गेल्या वर्षीच बिघडलेला. मी काच खाली केली की बाबा वर करत. लू लागून राहिली त्याले, काच काहून उघडतेस, म्हणाले. मी पुन्हा खाली केली. त्यांनी पुन्हा वर केली. भर रस्त्यात, मरायला टेकलेलं जनावर मांडीवर असताना, आम्ही बापलेक काचेवरून भांडत होतो. शेवटी मी ओरडले तेव्हा त्यांनी हात काढला.

डॉक्टर चाळिशीचे, कमी बोलणारे. त्यांनी आम्हाला काही विचारलंच नाही. बुढ्याला टेबलावर घेतलं, अंगावर साधं पाणी ओतलं, पंखा लावला, तोंडाशी ऑक्सिजन धरला आणि एक सुई दिली. अर्ध्या तासानं जीभ गुलाबी झाली. मग त्यांनी मला जवळ बोलावून त्याच्या नाकपुड्या दाखवल्या. चार वर्षं मी त्या चेहऱ्याचे मुके घेतले होते, पण नाकाला भोकं आहेत की नाही हे कधी पाहिलं नव्हतं. दोन उभ्या चिरा होत्या, मुगाचा दाणा जाणार नाही एवढ्या. आत टाळूचा मागचा मऊ भाग गरजेपेक्षा लांब, तो श्वासनळीच्या तोंडावर लोंबत होता. डॉक्टर म्हणाले की तोंड चपटं केलं तरी आतलं मांस तेवढंच राहतं, मग ते मावणार कुठे? कुत्रा घामानं नाही, धापा टाकून गार होतो. याला धापच टाकता येत नाही.

मी म्हटलं, पण आम्हाला तर सांगितलं होतं की नस्लच अशी असते. डॉक्टरांनी टेबलाच्या खणातून सरबत प्यायची एक बारीक नळी काढून दिली. एका हातानं नाक दाबा, ही तोंडात धरा, हिच्यातूनच श्वास घ्या आणि समोरचा जिना चढून या. मला वाटलं थट्टा करताहेत. नव्हते करत. मी दहा पायऱ्या चढले. अकराव्या पायरीवर नळी थुंकून दिली आणि कठडा धरून उभी राहिले. खाली डॉक्टर बाबांपाशी उभे होते.

"ये चार साल से यही कर रहा है," ते म्हणाले.

मग झोपण्याचं विचारलं. चपलेची गोष्ट बाबांनी सांगितली, जरा लाजतच, जसं कोणी आपल्या लेकराचं कौतुक सांगावं. डॉक्टरांनी मान हलवली. म्हणाले, हनुवटी उंच ठेवली की गळा थोडा उघडा राहतो, नाहीतर झोपेत श्वास अडकतो. अशी कुत्री उशी शोधतात, विटेवरसुद्धा डोकं ठेवतात. बाबा आपल्या पायांतल्या चपलांकडे बघत राहिले. मला त्या क्षणी त्यांची दया आली. पण ती फार टिकली नाही.

ऑपरेशन करायचं ठरलं. नाकपुड्या कापून मोठ्या करायच्या आणि टाळूचा जास्तीचा भाग काढायचा. खरा उन्हाळा पेटायच्या आत, लवकरात लवकर, कारण मे महिना हा असा काढणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. चौथ्या दिवशीची वेळ दिली. मी रजा टाकली. सुटकेचा श्वास आमच्यासाठी तरी सोपा होता.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी बुढ्याचा ओठ वर केला आणि हात थांबवला. हिरड्या पांढऱ्याफटक. पहिल्या दिवशी त्या निळ्या होत्या म्हणून हे लक्षात आलं नव्हतं. रक्त तपासलं, अंगात रक्त जेवढं हवं त्याहून बरंच कमी निघालं. अशा जनावराला भूल देता येत नाही. डॉक्टरांनी कागद पुढे ओढला आणि काय काय खायला देता, एकेक सांगा, म्हणाले.

बाबा सांगू लागले. सकाळी दूध-पोळी. दुपारी वरणभात, वर तूप. संध्याकाळी पुन्हा पोळी. "आन् कांदा," ते म्हणाले. "उन्हाळ्याचा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

आमच्याकडे उन्हाळा म्हणजे कांदा. होळी झाली की बाबा खिशात एक कांदा ठेवल्याशिवाय फाटकाबाहेर पडत नाहीत. जेवताना बुक्कीनं फोडलेला कांदा पानात असतोच. ऊन लागलं की कांद्याचा रस तळपायांना चोळतात. लहानपणी शाळेतून आले की बाबा माझे पाय मांडीवर घेऊन अर्धा कांदा चोळत आणि उरलेला अर्धा मला खायला लावत. माझ्या आजोबांनी त्यांना हेच केलं होतं. त्यांनी बुढ्याला वेगळं का धरावं? होळीपासून ते रोज दुपारी त्याच्या पंजांना कांदा चोळत होते आणि एक अख्खा कांदा बारीक चिरून वरणभातात कालवत होते. रविवारी तो पडला, ते त्यांच्या हिशेबी ऊन लागून पडला. म्हणून गेले चार दिवस ते दोन कांदे देत होते.

डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की कांदा कच्चा असो की शिजवलेला, कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी तो फोडून टाकतो. आता बंद करा. महिना-दीड महिन्यात रक्त भरून येईल, मग ऑपरेशन. तोवर याला उन्हात नेऊ नका, उड्या मारू देऊ नका, गळ्यात पट्टा बांधू नका, वजन उतरवा. म्हणजे ज्या मे महिन्याच्या आत ऑपरेशन व्हायला हवं होतं, तो सगळा मे महिना त्यानं बंद नाक आणि अर्धं रक्त घेऊन काढायचा होता.

दवाखान्याबाहेर, ट्रकांच्या धुळीत, मी बाबांना बोलले. काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. पण तुम्ही त्याला रोज विष घातलंत, असं म्हटलं, आणि एकदा नाही, तीनदा म्हटलं. त्याच्या तोंडाला कांद्याचा वास येतो हे मलाही मार्चपासून माहीत होतं, त्यावरून मी त्याला चिडवतही असे. ते मी त्या दिवशी सोयीस्कर विसरले. बाबा बुढ्याला उचलून गाडीत बसले आणि या वेळी त्यांनी स्वतःच काच खाली केली.

पुढचे सहा आठवडे म्हणजे वैताग. कूलरची दमट हवा बुढ्याला बरी नाही असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणून बाबांच्या खोलीत एसी बसवला. बाबांना एसीचा तिटकारा. एसीनं हाडं आखडतात असं त्यांचं मत, आणि ते खोटंही नसावं, कारण बाहेर रस्त्याचं डांबर पाघळत असताना आमचे बाबा शाल पांघरून, कानटोपी घालून, मोजे चढवून दिवसभर त्या खोलीत बसलेले. बाहेर या म्हटलं तर, तो एकटा राहत नाही म्हणायचे. तेही खरंच होतं, बाबा उठले की बुढा उठायचा, आणि उठला की धापा. मग काय, बाबांनी उठणंच सोडलं. पेपर तिथेच, जेवण तिथेच. लाइट गेली की आई ओल्या फडक्यानं कुत्र्याला पुसायची आणि मी नव्या रायपुरातल्या माझ्या टेबलावरून दर तासाला फोन करून लाइट आहे का विचारायची. ऑफिसातले लोक म्हणायचे, घरी कोणी आजारी आहे का? कुत्रा म्हटलं की हसायचे.

वरून सल्ले. एकजण म्हणाला बर्फ चारा, दुसरी म्हणाली नाकात मोहरीचं तेल सोडा. माझं डोकं फिरायचं. बाबांशी मी कामापुरतं बोलत होते. आई मधल्यामधे. पोरी, किती दिवस तोंड फुगवशील, त्यांनी काय जाणूनबुजून केलं, असं ती मला रोज पोळ्या लाटताना विचारायची. मी म्हणायची, जाणूनबुजून नाही, न विचारता केलं, त्याचाच मला राग आहे. एवढंच. विचारायचं होतं एकदा. कोणाला विचारायचं होतं ते मी सांगत नसे.

मेच्या अखेरीस हिरड्या गुलाबी झाल्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की अशा कुत्र्यांत कापायचं भय कमी, जागं होण्याचं जास्त. गळ्यातली नळी काढली की सुजेनं श्वास कोंडू शकतो, म्हणून तो स्वतः नळी चावायला लागेपर्यंत ती काढणार नव्हते. बाहेरच्या बाकावर मी आणि बाबा. दीड तास. मधे त्यांनी रुमालासाठी खिशात हात घातला आणि रुमालाबरोबर कांदा बाहेर आला. सवयीनं घेऊन आले होते. तो हातात धरून ते इतके ओशाळले की मीच दुसरीकडे बघितलं. ते उठले, रस्ता ओलांडून पलीकडे गेले, एका ट्रकखाली सावलीत जेवत बसलेल्या ड्रायव्हरच्या पानात कांदा ठेवून आले आणि पुन्हा माझ्याशेजारी बसले.

आतून कंपाउंडरनं सांगितलं, चबा रहा है. मी रडले. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला कांद्याचा वास होता.

घरी आणल्यावर पहिल्या दुपारी बाबांनी मला तीनदा हाक मारली. प्रत्येक वेळी तेच. बुढा झोपलाय, पण आवाज नाही. मी जाऊन पाहायची, पोट वरखाली होताना दिसायचं. चौथ्या वेळी त्यांनी हाक मारली नाही. मी डोकावले तर ते पलंगाखाली वाकून, टाके घातलेल्या त्या नाकासमोर बोट धरून बसलेले. चप्पल सवयीनं सरकवून ठेवलेली होती. बुढा तिच्यापासून हातभर लांब, फरशीवर, चक्क कुशीवर झोपला होता.

टाके निघाले, पाऊस आला, बुढा फाटकापर्यंत पळत जाऊ लागला. त्याच सुमारास समोरच्या काकू आल्या. मूळच्या अमरावतीच्या, मनानं चांगल्या, पण कौतुकाला वेळकाळ नाही. थोडा वेळ त्यांनी झोपलेल्या बुढ्यापाशी कान देऊन पाहिलं आणि हिरमुसल्या. घोरणं गेलं का, त्यातच तर मजा होती, म्हणाल्या. मी दातओठ खाल्ले. मग म्हणाल्या, मुलीच्या वाढदिवसाला आम्हालाही असंच पिल्लू घ्यायचं आहे, तू कुठून आणलंस तो पत्ता दे, आणि निवडायला तूच चल, तुझी नजर चांगली आहे. एकदम चपटं पाहिजे बरं, नाक आलेलं नको.

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. नाकपुड्या, टाळू, सरबताची नळी, आणि शेवटी कांदा. कांद्याची गोष्ट तोवर माझी सगळ्यांना सांगून झाली होती, बाबांसमोरसुद्धा. पण बाबाच आधी बोलले. पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "हे पोट्टी चपटं तोंड पाहून घेऊन आली, आन् मीनं त्याले कांदा चारला. दोघांनी मिळून मारलंच होतं याले. तुम्ही काहून घेता?"

काकू ओशाळं हसल्या. आईनं चहाचं विचारलं आणि विषय बदलला. बाबांनी पेपर पुन्हा उघडला.

एप्रिलपासून मी त्या माणसाला विष घातलंत, विष घातलंत म्हणत होते, आणि त्यांनी एकदाही नाकाचा विषय काढला नव्हता. काढता आला असता. कांद्यानं गेलेलं रक्त महिना-दीड महिन्यात भरून आलं. नाकासाठी त्याला कापावं लागलं. खोक्यातून कोणतं पिल्लू उचललं, ते त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. दारात उजेडात धरून त्यांनी मला विचारलं होतं, याचं नाक कुठी हाय, आणि मी हसले होते.